आबांच्या मशीनमधून जाणारे कागद

आमच्या ऑफिसात सकाळी जो पहिला येईल त्यानं आबांचं मशीन चालू करायचं, अशी पद्धत होती. आबा कामावर असताना पहिले तेच येत, त्यामुळे कुणाला लक्षात ठेवावं लागत नसे. ते दवाखान्यात गेल्यावर हे काम मी माझ्याकडे घेतलं आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

ऑफिस म्हणजे इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं डाळिंबाचं पॅकहाऊस. मागच्या शेडमध्ये बाया फळं निवडतात, पुढच्या खोलीत आम्ही कॉम्प्युटरवर गाड्यांची चलनं आणि पेट्यांची लेबलं काढतो. प्रिंटर सगळ्यांत मिळून एकच, आणि तो फक्त आबांच्या कॉम्प्युटरला जोडलेला. आबा कॉम्प्युटरला मशीनच म्हणत. आमचा प्रत्येक कागद आधी त्यांच्या मशीनकडे जायचा आणि तिथून प्रिंटरकडे. ते मशीन बंद असलं की गाडी दारातच उभी.

प्रिंटरला थेट नेटवर्कची वायर लावायची सोय होती. पूर्वी लावलीही होती, पण आमच्याकडच्या लाइटचं काय सांगावं! लाइट जाऊन आली की राउटर सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटायला बसायचा आणि प्रिंटरच्या वाट्याला भलताच आकडा यायचा. एकदा तर प्रिंटरचा जुना पत्ता धाकट्या मालकांच्या मोबाईलला मिळाला. आम्ही खुशाल त्या मोबाईलला चलनं पाठवतोय आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. त्या दिवशी आबांनी नेटवर्कची वायर उपटली, प्रिंटर स्वतःच्या मशीनला जोडला आणि म्हणाले, "आता ह्यो हितनं हलत न्हाय."

प्रोटोकॉल हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. "दोन मशीनची बोलायची रीत असती," ते म्हणाले. "आधी हाक मारायची. समोरच्यानं ओ दिली की मगच काम सांगायचं. आन समद्यांनी एकदम बोलायचं न्हाय." एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. ऑफिसात सगळ्यांच्या मध्ये तोंड घालायची खोड माझीच होती.

प्रिंट लवकर आली नाही की माणूस बटण बडवत सुटतो. ते जादाचे कागद आबा आपल्या मशीनवरच्या रांगेतून गुपचूप पुसून टाकत. खंडेनवमीला झेंडूची माळ आधी त्यांच्या मशीनला, मग प्रिंटरला. एका वर्षी प्रिंटरनं कागदाबरोबर पाकळ्याही ओढून घेतल्या आणि दिवसभर लेबलांवर पिवळे डाग उमटत राहिले. मालक तडकले. आबा म्हणाले, "परसाद समजायचा."

मग त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. बारामतीच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं, सुट्टी लांबत गेली. धाकटे मालक एक दिवस मला म्हणाले, "ताई, प्रिंटर सरळ नेटवर्कवर घेऊन टाका. आबांच्या टेबलावर नवीन माणूस बसवायचाय."

त्यांचं काही चुकत नव्हतं. तरी मला संताप आला. मी म्हटलं, "आबा आले की तेच करतील. मला त्यातलं कळत नाही." मला सगळं कळत होतं. पण जोवर कागद त्या मशीनमधून जातोय, तोवर ते टेबल कुणी हलवू शकत नव्हतं, आणि आबांना परत येण्यासाठी जागा राखून ठेवायचा दुसरा उपाय माझ्याजवळ नव्हता. रोज सकाळी मशीन लावायची, खुर्ची पुसायची. नव्या माणसाचा विषय निघाला की मी काहीतरी काम काढून शेडमध्ये निघून जायची.

एक दिवस निरोप आला, आबांना घरी सोडलं, गावी लोणी भापकरला आणलं. मी आनंदानं अख्ख्या शेडला सांगत फिरले. पेढेही मागवले. पेढा घेताना निवडणाऱ्या बायांतली एक म्हातारी माझ्याकडे नुसतं बघत राहिली. मला तिचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांचा फोन आला. आवाज ओढल्यासारखा होता.

"प्रिंटरला नेटवर्कची वायर लाव," ते म्हणाले.

"तुमी आल्यावर बघू की आबा. चाललंय की झकास."

"लाव म्हणतो न्हवं."

मी वायर लावली. ते एकेक पायरी सांगत गेले, मधे दम खायला थांबत. राउटर जे आकडे वाटतो त्यांच्या बाहेरचा पत्ता घे, म्हणजे लाइट गेली तरी बदलायचा न्हाय. तो प्रिंटरच्याच मेनूत कायमचा भर. आता तुझ्या कॉम्प्युटरवर जा. प्रोटोकॉल विचारील, तिथं दिलेल्यातला 'रॉ' निवड. पोर्टाचा आकडा हाय तसाच राहू दे. हे सगळं त्यांना इतकी वर्षं येत होतं.

"आता माझं मशीन बंद कर आन एक पान काढ."

मी बंद केलं. पान पाठवलं आणि फोन प्रिंटरजवळ धरला. रोलर फिरले, पान बाहेर आलं. धाकटे मालक केबिनमधून डोकावले आणि अंगठा दाखवून आत गेले.

"निघालं?"

"निघालं. पण आबा, तुमी आलात की परत तुमच्याच मशीनला जोडू. मला हे असलं न्हाय आवडत."

ते हळूच म्हणाले, "पोरी, येणार असतो तर तुला सांगितलं असतं व्हय हे?"

इतकं भांडून राखलेली जागा त्यांनी स्वतःच माझ्या हातानं मोकळी करून घेतली होती. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर, फोन कानाला तसाच धरून, रडले. माझं रडणं थांबेपर्यंत आबांनी फोन ठेवला नाही.