यादीत नसलेला वारा

रविवारी रत्नागिरीच्या मित्राशी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी बिनतारी संचावर, पहिल्यांदा बोलायचं होतं आणि गच्चीवरच्या अँटेनाला तारच नव्हती. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. भिवंडीत लूमच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी अँटेनाच्या सामानाची यादी वाचून दाखवली, "तांब्याची तार, वीस मीटर."

त्यांनी वाइंडिंगच्या तारेचा तुकडा दोन्ही मुठींत धरून ओढला. तो चक्क लांबला.

"सायेब, यादीत वारा लिवलाय का?"

"नाही."

"मंग ही न्हाय चालायची. ही मोटारीत गप बसणारी हाय. वाऱ्यात झोळ पडंल."

हातचं गिऱ्हाईक घालवून त्यांनी मला कडक, पीळदार तारेसाठी शेजारच्या दुकानात धाडलं.

रविवारी मित्राचा आवाज स्वच्छ आला. तीच तार अजून गच्चीवर ताठ आहे. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहिलं. तेही यादीत नव्हतं.