नवऱ्याले सांगतलं होतं

"कुठं तोंड काळं करून आलीस?"

डॉक्टरीणबाईनं मले हे मराठीत विचारलं. दार उघडंच होतं. बाहेर बाकड्यावर तेलुगू, बिहारी, छत्तीसगडी बाया बसल्या होत्या. त्यायले मराठी येत नव्हती. पण आवाज समजला. साऱ्या माना लांब करून आत पाहून राहिल्या होत्या.

त्याच्या अगोदर मी खुश होती. भिलाईच्या दवाखान्यात मराठी डॉक्टरीण भेटली म्हणून. खालच्या दुखण्याचे हिंदी शब्द मले येत नव्हते. म्हटलं, बाई आपली हाय, आपल्या भाषेत सांगू. सांगतलं. पिवळं जाते, वास येते, लघवीले आग होते, ओटीपोट दुखते. तिनं पेन खाली ठेवला अन् ते विचारलं.

मी म्हटलं, "बाई, मी कुठंच जात नाही. घर अन् नळ."

"तुम्ही कॅम्पातल्या बायका. मराठी लोकांचं नाव घालवता. जा, नवऱ्याला पाठव आत."

आम्ही कॅम्पात, कामगारायच्या वस्तीत राहत होतो. माहा नवरा नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत डंपर चालवे. दवाखान्याचं कार्ड त्याच्या नावाचं. मी त्या कार्डावरची बायको. तो आत गेला तं बाई म्हणे, "या, बसा." खुर्ची दिली. अन् दार लावलं. मले तपासताना उघडं, त्याच्याशी बोलताना बंद. मी बाहेर उभी होती. बाकड्यावर जागा होती, पण कोणी सरकलं नाही.

तो गोळ्यांची पुडी घेऊन निघाला. सायकलवर मागं बसून मी विचारलं, "काय म्हणे बाई?"

"तुह्या अंगात घाण हाय म्हणे. गोळ्या खा अन् तोंड बंद ठेव."

मी इमानदारीनं गोळ्या खाल्ल्या. घरी गेल्या गेल्या त्यानं सासूले सांगतलं, हिच्या हातचं पोरायले देऊ नको. सासूनं मले सिगडीपासून उठवलं. माहं ताट वेगळं झालं. गिलास वेगळा, साबण वेगळी. अंथरूण तेवढं वेगळं केलं नाही कोणी. दिवसभर मी घाण होती अन् रात्री बायको.

अन् सांगू? मी पण खरं मानलं. मले वाटे, माह्याच अंगात काही सडून राहिलं. कडुलिंबाचा पाला उकळून धुवे. मिठाच्या पाण्यानं धुवे. डेटॉल टाकून धुतलं तं साल निघाली. चालता येत नव्हतं. खाणीवरचे ड्रायव्हर कुठं जातात, हे साऱ्या कॅम्पाले ठाऊक होतं. मलेही ठाऊक होतं. तरी घासून राहिली होती मी मलेच.

बरं झालं. परत झालं. परत दवाखाना, परत शिव्या, परत "नवऱ्याला पाठव". दार लागलं, पुडी आली. थोडे दिवस बरं गेलं, अन् मंग असं दुखलं का उभं राहता येईना.

त्या खेपेले बाईनं मले टेबलावर झोपवलं. पाय वर बांधले. अन् शिकाऊ नर्स पोरीयले हाक मारली. "इधर आओ सब. देखो, ऐसी औरतों का केस कैसा होता है." पोरी आल्या. एकीनं नाकाले रुमाल लावला. एक हसली. मी छताचा पंखा पाहून राहिली होती.

बाई माह्याकडे वळली. "पुन्हा कसं झालं? तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं मी. दोघांनी गोळ्या घ्यायच्या. पुरतं बरं होईपर्यंत निरोध वापरायचा."

"कोणाले सांगतलं?"

"नवऱ्याला. दोन्ही वेळेला."

"मले कावून नाही सांगतलं?"

"असल्या गोष्टी बायकांना सांगतात का? पुरुषाला सांगायचं, तो घरी सांगतो. आणि हे बघ, पिशवी खराब झाली आहे तुझी. काढावी लागेल. बंदीचं ऑपरेशन झालंच आहे, आता काय करायची तुला पिशवी?"

दुखणं माह्या पोटात अन् इलाज त्याच्या कानात. मी पाय सोडवले. उठून बसली. लुगडं खाली केलं. 

"बाई, ह्या पोरीयले मले कावून दाखवून राहिल्या? ज्यानं रोग आणला तो बाहेर सायकल धरून उभा हाय. त्याले झोपवा इथं. त्याचं दाखवा."

"तमाशा करू नकोस."

"अन् पिशवी माही हाय. माहं जे असन ते मले सांगायचं. दार लावून."

 हसणारी पोरगी खाली पाहून राहिली होती.

निरोधाचा फुकटचा डब्बा माणसायच्या खिडकीजवळ टांगला राहे. तिकडे बाया जात नसत. मी त्यायच्या लाईनीतून गेली. एक जण म्हणे, "क्यों भौजी, भैया नहीं आए?" बाकीचे हसले. मी मूठ भरून घेतली.

फाटकाजवळ नवऱ्याले विचारलं, "तू गोळ्या खाल्ल्या का?"

"मी कावून खाऊ? मी काय बाई होय?" मंग त्याले माही मूठ दिसली. "हे कायले? तुहं ऑपरेशन झालं ना?"

साऱ्या कॅम्पाचा हाच हिशोब. ऑपरेशन झालं, आता निरोध कायले.

मी म्हटलं, "ऑपरेशननं लेकरू थांबते. तू नाही थांबत."

त्यानं तिथंच मारलं. चार लोकायच्या समोर. मूठ मी सोडली नाही.

पिशवी वाचली नाही. काढली. पण त्या दिवसापासून तो माह्या अंथरुणावर निरोध लावल्याशिवाय आला नाही. त्यानं किती मारलं तरी मी येऊ दिलं नाही. सासू म्हणे, नवरा हातचा जाईन. म्हटलं, जाऊ दे.

आता दवाखान्यात गेली का बाकड्यावर मधात बसते. एखादी बाई रडत बाहेर येते, तिचा नवरा आत जाते अन् दार लागते. मी तिचा हात धरते अन् तिले उठवते. दार ठोक, म्हणते. आत जा. अंग तुहं हाय, तुह्या कानानं ऐक.

नाही ठोकलं तिनं, तं मी ठोकते.