सलीमभाईंचे जोड

आमच्या कामात जोड मारायला दहा मिनिटं लागतात आणि पलीकडच्या टोकाकडून फोन यायला दीड तास. किस्से साठतात ते या दीड तासात. रस्त्याच्या कडेला खड्डा उघडा, त्यात केबलचं वेटोळं, वर मोठी छत्री बांधलेली आणि आम्ही तिघं खोक्यांवर बसलेलो. एका खड्ड्यापाशी सांगितलेला किस्सा पुढच्या खड्ड्यापाशी थोडा वाढतो. इथे सांगते आहे ते, जमेल तेवढी वाढ काढून.

आम्ही तिघं म्हणजे कोण ते आधी सांगते. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, दोन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं आणि मग ऑप्टिकल फायबरच्या एका ठेकेदाराकडे टेस्टिंगला लागले. भाऊसाहेब श्रीगोंद्याकडचे. केबलची लाइन पायी फिरून राखायची, हे त्यांचं काम. आणि सलीमभाई, नगरचे, आमचे जोड मारणारे. केसाएवढे बारीक काचेचे दोन धागे समोरासमोर आणायचे आणि मशीनमध्ये वितळवून त्यांचा एक करायचा. हे काम ते बावीस वर्षं करत होते. किस्से बहुतेक त्यांचेच आहेत.

*

माझा पहिला दिवस. उघड्या केबलमधून निघालेला एक धागा मी उचलला आणि त्यातून काही येतंय का ते बघायला डोळ्यासमोर धरला. तेवढ्यात सलीमभाईंचा तळहात मध्ये आला. माझ्या नाकाला लागलाच.

"मॅडम, हे कधी करायचं नाही."

"पण यात काहीच दिसत नाहीये," मी म्हटलं.

"दिसणारच नाही. यातला लेझर डोळ्याला दिसत नाही. ऊन डोळ्यावर आलं तर डोळा आपोआप मिटतो. याच्यापुढे मिटायचं त्याला कळतच नाही. तो उघडाच राहतो."

इन्फ्रारेडवर मी मुलांना दोन वर्षं शिकवलं होतं. तरंगलांबी, दृश्य पट्टा, सगळं फळ्यावर काढून. डोळा उघडाच राहतो हे वाक्य मात्र माझ्या एकाही लेक्चरमध्ये नव्हतं.

*

एकदा सलीमभाईंनी मला विचारलं, "इतकी वर्षं जोड मारतोय, पण एक कळत नाही. काच आरपार दिसते. मग उजेड वाटेतच बाजूने बाहेर का पडत नाही? पन्नास-पन्नास किलोमीटर आतल्या आत कसा जातो?"

मी वही काढली. आतली काच, बाहेरची काच, दोन्हींचा अपवर्तनांक, किरण कुठल्या कोनात आदळला की परत फिरतो, सगळी आकृती काढली. सलीमभाई मान हलवत होते, पण ती मान माझ्यासाठी हलत होती हे मला दिसत होतं.

भाऊसाहेब बाजूला तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "तुमी कधी हिरीत बुडी मारली का, सलीमभाई?"

"नाही. मला पोहता येत नाही."

"तळाला जाऊन वर बघायचं. आभाळ दिसतं, पन सगळं न्हाई. डोक्यावर एवढं गोल, परातीएवढं. त्या गोलाच्या बाहेर पानी आरशावानी हुतं. त्यात हिरीचा काठ दिसत न्हाई, आतलीच कपार उलटी दिसती. तिरपं बघितलं की नजर भाईर जातच न्हाई. माघारी फिरती."

सलीमभाई पुढे सरकले. मग माझ्या वहीतल्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे हा उजेड तिरपा पळतोय."

मी वही मिटली. शिकवायचं काही उरलं नव्हतं.

*

शिर्डीला एक लाइन रोज सकाळी आजारी पडायची आणि दुपारनंतर आपोआप बरी व्हायची. गुरुवारी तर फारच. टेस्टर लावला की प्रकाश एका ठरावीक जागी कमी होताना दिसायचा. धागा तुटलेला नव्हता. कुठेतरी वाकत होता. काचेचा धागा फार वाकला की किरण हव्या त्या कोनात आदळत नाही, आणि तेवढा उजेड त्या वाकणातून बाहेर सांडतो. टेस्टरने अंतर सांगितलं, भाऊसाहेबांनी पावलं मोजत जागा काढली. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीतला एक खांब.

खांबाखाली एक म्हातारे गृहस्थ हार विकत होते. खांबावरून आमची केबल खाली येत होती, आणि तिला दोरी बांधून त्या दोरीवर त्यांनी सगळे हार टांगले होते. सकाळी दोरी ओल्या फुलांनी भरलेली असे, दुपारपर्यंत हार खपत. गुरुवारी हार जास्त.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमच्या हारांनी अख्ख्या गल्लीचं इंटरनेट बंद पडतंय."

ते घाबरले. हार उतरवायला लागले. "फुलांचं काय वजन असतं हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सलीमभाईंनी त्यांना बसवलं. शेजारच्या दुकानदाराला विचारून त्याच्या भिंतीत दोन खिळे ठोकले, दोरी तिकडे बांधली आणि एकेक हार स्वतः टांगला. निघताना म्हाताऱ्यांनी एक हार पुढे केला. सलीमभाईंनी तो घेतला, गाडीत आरशाला अडकवला आणि सुकून गळून पडेपर्यंत कोणाला काढू दिला नाही.

*

श्रीगोंद्याकडे गाळपाचे दिवस होते. उसाने वरपर्यंत भरलेली ट्रॉली रस्त्यावरून गेली आणि वरून जाणारी केबल तिच्यात अडकून तुटली. चोवीस धागे. पुढच्या गावाचा मोबाईल टॉवरही त्याच केबलवर होता, म्हणून गावात फोनही बंद.

आम्ही काम सुरू केलं. एक माणूस मोटरसायकलवर आला, "किती येळ?" विचारून गेला. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा भाऊसाहेबांनी विचारलं, "काय नड हाय पाव्हनं?"

तो गाडी बंद करून म्हणाला, "आमची वैनी गेली सकाळी. पोरगा फौजेत हाय, लई लांब. सुट्टी न्हाई मिळाली. मोबाईलवर शेवटचं बघतो म्हनला. त्याच्यासाठी थांबलोय. पन दिवस मावळायच्या आत उरकाया पायजे, मानसं खोळंबल्यात."

दिवस मावळायला दोन तास होते.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. "टॉवरचा धागा कुठला?"

मी तक्ता पाहिला. सातवा, लाल. ते तेव्हा तिसऱ्यावर होते. तो बाजूला ठेवून त्यांनी लाल घेतला. सोलला, स्पिरिटने पुसला, कापला, मशीनमध्ये ठेवला. जोड बसला. मी टेस्टर लावून पाहिला, उजेड पार जात होता.

"जा," त्यांनी त्या माणसाला सांगितलं. "लागेल आता फोन."

तो गेला. आणि सलीमभाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाकीचे धागे जोडांच्या पेटीतल्या त्याच ट्रेमध्ये, त्या लाल धाग्याला खेटून होते. दुसरा उचलताना त्याला जरासा झटका बसला असता तर पुन्हा सगळं बंद. दीड तास त्यांनी कशालाही हात लावला नाही. ऑफिसातून सारखा फोन येत होता, बाकीचं कधी होणार म्हणून. सलीमभाई दर वेळी एकच सांगत होते, "काम चालू आहे."

अंधारायच्या जरा आधी तो माणूस चालत आला. त्याचे पाय ओले होते.

"दिसलं त्याला," तो म्हणाला.

सलीमभाईंनी मान हलवली आणि तिसरा धागा उचलला.

*

पुढचं केडगावचं. तिथे सलीमभाईंनी मारलेल्या जोडांनंतर एका दवाखान्याची लाइन बंद पडली आणि एका मंगल कार्यालयाचीही. मी तपासलं तर जोड उत्तम होते. उजेड जवळपास अजिबात कमी होत नव्हता. मग पेटी उघडली. पिवळ्या धाग्याला पांढरा जोडला होता आणि पांढऱ्याला पिवळा. उजेडाला रंगाशी काही घेणं नसतं, तो बिनबोभाट चुकीच्या घरी जात होता.

बावीस वर्षांत त्यांच्याकडून असं कधी झालं नव्हतं. मी दाखवलं. त्यांनी धागे उन्हात धरले, जवळ नेले, लांब नेले.

"पिवळ्याला पिवळाच आहे, मॅडम."

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब खाली बघायला लागले. त्यांना आधीपासून माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. महिनाभर तेच खड्ड्याशेजारी उकिडवे बसून रंग सांगत होते. त्या दिवशी ते नेमके दुसऱ्या लाइनवर गेले होते.

सलीमभाईंनी धागे हळूच ट्रेमध्ये ठेवले.

"तुम्ही म्हणताय तर असेल पांढरा," ते म्हणाले.

*

त्यांना साखरेचा आजार होता, दहा वर्षांपासून. गोळी कधी घ्यायची, कधी राहून जायची. नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतायत, लेझर मारावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. गेलेली नजर परत येईलच असं नाही, आहे ती टिकवायची.

सलीमभाईंनी विचारलं, "वेव्हलेंग्थ किती?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "पाचशे बत्तीस," त्या म्हणाल्या.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं.

"हिरवा," मी म्हटलं.

"म्हणजे दिसणारा," ते म्हणाले आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले.

बाहेर बाकावर बसलो होतो. मी सांगितलं की डोळ्याचा पुढचा भाग स्वच्छ असतो, हिरवा उजेड तिथून काही न करता पार जातो. मागे पडद्यापाशी रक्ताचा लाल रंग असतो, तो हिरवा उजेड शोषून घेतो. तिथेच चटका बसतो.

"म्हणजे आपलंच काम," ते म्हणाले. "वाटेत सांडायचं नाही, टोकाला पोचायचं."

नाव पुकारलं गेलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर लोकांना सांगत आलो, लेझरकडे बघू नका. आज हनुवटी टेकवून त्याच्याकडेच बघायचंय."

*

चार महिन्यांनी ते परत आले. घरी बसवत नाही म्हणाले. "जोड मशीनच मारतं. मला फक्त सोलायचं, पुसायचं, कापायचं. रंग भाऊसाहेब सांगतील." ठेकेदाराने निर्णय माझ्यावर सोडला होता. मी म्हटलं, एक दिवस या, बघू.

नगरपासून जवळच एका नव्या रस्त्याच्या कडेला केबल टाकून झाली होती. बारा धागे, दोन खड्ड्यांमध्ये एक किलोमीटर. अशा वेळी एका टोकाकडून लाल लेझरचं पेन लावतात. हा लाल उजेड दिसतो. दुसऱ्या टोकाच्या माणसाने धाग्याचं टोक पांढऱ्या कार्डासमोर धरायचं. कार्डावर लाल ठिपका पडला की "आला" म्हणायचं, मग पुढचा धागा.

या टोकाला मी, त्या टोकाला सलीमभाई आणि भाऊसाहेब. ही तपासणी केबलची नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. फोन स्पीकरवर ठेवून मी खाली बसले. पहिला निळा धागा सोलला. माझ्या हातांना सवय नाही, तो दोनदा तुटला. पलीकडून फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. तिसऱ्यांदा धागा नीट निघाला. मी तो पुसला आणि पेन घ्यायला पिशवीत हात घातला.

"आला, मॅडम," सलीमभाई म्हणाले.

पेन माझ्या हातात होतं. त्याचं टोपण अजून काढलेलं नव्हतं.

वारा येत राहिला. मग मी म्हटलं, "भाऊसाहेब, जरा तुम्ही बघून सांगा."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज.

"आलाय म्याडम," भाऊसाहेब म्हणाले. "लालभडक हाय."

मी टोपण काढलं, पेन धाग्याला लावलं आणि बटण दाबलं.

"बरं," मी म्हटलं. "आता नारंगी घ्या."