अय्यम्मुट्टीची हाळी

चंद्रावर यंत्रांनी हात टेकले की केरळातल्या बेपूरच्या खलाशांना बोलावणं जायचं. दोर आणि कप्प्या लावून, गाणं म्हणत जहाजं ओढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. टोळीचा म्होरक्या अय्यम्मुट्टी दोराच्या पुढच्या टोकाला उभा राहायचा. त्याची हाळी रेडिओवरून प्रत्येकाच्या कानात घुमली की सगळे एका सुरात उत्तर देऊन जोर लावायचे.

दोराच्या शेपटाला नवशिकी सैनबा असायची. थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला 'इक्का' म्हणायची.

"हात आहेत की पापड?" तो तिच्यावर खेकसायचा.

"पापड तरी तुम्ही कौतुकाने खाता, इक्का!"

तो तोंड फिरवून हसायचा, आणि पुन्हा तिच्याच मागे लागायचा.

एकदा खड्ड्यात रुतलेलं यान काठापर्यंत आलं आणि सगळ्यांचे रेडिओ एकदम मुके झाले. तिथे हवाच नाही, तर आवाज पोचणार कसा? तरी अय्यम्मुट्टी सवयीने घसा फोडून ओरडत राहिला. टोळीचा मेळ सुटला, यान मागे सरकू लागलं. तेवढ्यात त्याच्या तळहातांना ठोके जाणवले. सैनबा ताणलेल्या दोरावर पाना आपटत होती. ठेका त्याच्याच गाण्याचा होता. दोर धरलेल्या प्रत्येक हाताला तो कळला, आणि यान वर आलं.

रेडिओ दुरुस्त झाले. पुढच्या कामाला अय्यम्मुट्टी थेट शेपटाला जाऊन उभा राहिला.

"इक्का, जागा चुकलात."

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले.

"पुढे हो आणि हाळी दे, पोरी. हे पापड कधीचे थांबलेत."