धाकट्याची दाढ

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी सुई नुसती हातात घेतली, तर माझ्या धाकट्या भावाच्या पायाची बोटं आक्रसली. दारू सोडून त्याला जेमतेम चार महिने झालेत. दुखणं सोसलं नाही तर पाय पुन्हा गुत्त्याकडे वळतील, ही आम्हा दोघांची धास्ती.

"भूल बेतानं वाढवू," बाई म्हणाल्या. "काहींना जन्मतःच जास्त दुखतं, व्यसनानं ते आणखी वाढू शकतं. नाटक नसतं ते."

नाटक हा शब्द माझा. तरुणपणी मी भारीच शहाणी होते. "तीन बाळंतपणं हूं की चूं न करता काढली मी," असं त्याला सुनवायचे, तेही तोंडात तंबाखूची मिश्री धरून. दाढ ठणकते म्हणून पंधराव्या वर्षी लावलेली मिश्री दिवसातून पाचदा घासायची आणि स्वतःला सोशिक म्हणवायचं. आईचं तेच, आजीचंही तेच. आमची नाकं एकसारखी, तर दुखणंही एकाच घरचं असणार.

"ताई, दुखलं तर सांगू?" सत्तरीला टेकलेला माणूस मला विचारत होता.

"सांग की."

सुई टोचताच त्यानं हात वर केला. बाई थांबल्या. मीही टोमणा मारला नाही; आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं.