छत्री राहिली!

वकील चहाला बसले की खुनाच्या केसेस सांगतात, असं लोकांना वाटतं. छे! आमच्या गप्पांत माना असतात. म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये व्यंकटराव वकिलांकडे मी ज्युनियर म्हणून लागले आणि मोटार अपघातांच्या क्लेमचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडीला मागून धक्का बसतो, मान झटक्यानं पुढे-मागे होते. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, दुखणं मात्र जात नाही. असलं दुखणं कोर्टाला पटवायचं म्हटल्यावर किस्से साठणारच!

*

समोर बहुतेक वेळा विमा कंपनीचे शेषाद्री वकील. माणूस सभ्य, पण प्रश्न ठरलेला, "एक्स-रेमध्ये काय आहे?" काही नसायचंच.

त्यांची दुसरी युक्ती म्हणजे मागून हाक मारणं. हुणसूरचे एक तंबाखूचे व्यापारी गळ्याला कॉलर लावून, मान ताठ ठेवून साक्ष देऊन निघाले. दारापाशी पोचले तोच शेषाद्री मागून ओरडले, "यजमान्रे, छत्री राहिली!"

व्यापाऱ्यांनी गर्रकन मान वळवली. झालं! छत्री त्यांच्या काखेतच होती.

बाहेर व्यंकटरावांनी त्यांना फैलावर घेतलं. बिचारे मान धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "दुखलं की हो, फार दुखलं! पण छत्री नवी आहे!"

*

आमच्या म्हैसूरला 'हो' म्हणायला तोंड लागत नाही. मान डोलावली की काम झालं. म्हणून व्यंकटराव प्रत्येक अशिलाला बजावायचे, "उत्तर तोंडानं द्या, मानेनं नको."

नंजनगूडच्या कारखान्यातला एक फिटर घरी बायकोसमोर सराव करून आला होता. साक्षीला अगदी लाकडासारखा उभा. सगळं छान चाललेलं. शेवटी जज्जसाहेबांनीच मायेनं विचारलं, "मान हलवली की दुखतं का?"

त्यानं जोरात मान डोलावली, "हौदु, स्वामी!" आणि पुढच्याच क्षणी "अय्यो!" करून मटकन खाली बसला.

सगळं कोर्ट हसलं, शेषाद्रीही हसले. पाण्याचा ग्लास मात्र त्यांनीच आणून दिला.

*

गिरिजक्का आमच्यातल्याच. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. घरी मराठी, बाहेर कन्नड, रागावल्या की दोन्ही एकदम! आमच्या भागातल्या पोरींना भरतनाट्यम शिकवतात. नंजनगूडहून येताना त्यांची गाडी सिग्नलला थांबली होती, तेव्हा मागून लॉरी आदळली. अंगावर ओरखडाही नाही. शेजारीपाजारी म्हणाले, "काही लागलं नाही, चामुंडीची कृपा!"

नाचात खांदे न हलवता मान अलगद डावी-उजवीकडे सरकवतात ना, त्यात अक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आता मान कशी सरकवायची ते पोरींना तोंडानं सांगतेय मी," त्या व्यंकटरावांना म्हणाल्या. "पैसे मिळतील तेवढे मिळोत. पण घरातले सुद्धा म्हणतात, सुम्ने, उगीच नाटक आहे हिचं. कोर्टानं एकदा म्हणू दे, ही खोटं बोलत नाही. येवढं करा."

व्यंकटरावांनी कागद ओढला आणि रकमेच्याही वर तेच वाक्य लिहून घेतलं. मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग अक्कांनीच घोळ घातला! दसऱ्यात त्यांच्या घरी बाहुल्या मांडतात. हळदीकुंकवाला बायका आल्या. "शुभकार्यात गळ्यात पट्टा? बेडा, नको!" म्हणून यांनी कॉलर काढून ठेवली. फोटो काढणारा म्हणाला, "मान स्वल्प इकडे." यांनी वळवली. वर हसल्या!

तो फोटो शेषाद्रींनी कोर्टात हजर केला. त्यांना कुठून मिळाला? फोटोत अक्कांच्या शेजारी त्यांचीच बायको होती!

"नंतर आठवडाभर मी आडवी होते, ते फोटोत कुठं दिसतंय?" अक्का आमच्यावरच उखडल्या.

*

शेषाद्रींची मुलगी वैदेही अक्कांकडेच नाच शिकायची. त्यामुळे उलटतपासणी अशी चालली. आधी हात जोडून, "नमस्कार, मिस." आणि मग, "एक्स-रेमध्ये काय आहे, मिस?" संध्याकाळी त्यांचीच लेक क्लासला हजर.

व्यंकटराव वैतागले, "अक्का, त्या पोरीला काढून टाका."

"का म्हणून? पोरीचा ताल चुकत नाही. बापाचा चुकतो!"

*

उलटतपासणी अर्धवट राहून पुढची तारीख पडली. मधल्या रविवारी वैदेहीची गेज्जेपूजा आली. पहिल्यांदा घुंगरू बांधायचा हा सोहळा. गुरूनं शिष्येला कुंकू लावून घुंगरू द्यायचे असतात. मीही गेले होते. अक्कांनी अर्थातच कॉलर काढलेली. शेषाद्री पहिल्या रांगेत बसले होते.

वैदेही अक्कांच्या पाया पडली. अक्कांना काही खाली बघता येईना. पोरीनं उठून घुंगरांचं तबक उचललं आणि थेट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. मग टाचा उंचावून कपाळ वर केलं, कुंकू लावायला त्यांना मान झुकवावी लागू नये म्हणून. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मागोमाग क्लासच्या बाकीच्या मुली आल्या, त्याही तशाच टाचा उंचावून.

"ह्या अशा का करतात?" शेषाद्रींनी बायकोला हळूच विचारलं.

"रोजच करतात," ती म्हणाली.

*

तारखेला अक्का पदर घट्ट धरून उभ्या होत्या. जज्जसाहेब म्हणाले, "हं, पुढचे प्रश्न?"

शेषाद्री उठले. "प्रश्न नाहीत, स्वामी. मान दुखते, यावर आमचा वाद नाही. रकमेचं तेवढं बोलू."

जज्जसाहेबांनी स्टेनोला तसं लिहायला सांगितलं. अक्का बाहेर पडल्या.

व्हरांड्यात ही गर्दी! अक्का पुढे चालल्या होत्या, मी थोडी मागे. तेवढ्यात शेषाद्री झपाझप येताना दिसले. अक्कांची छत्री या वेळी खरोखरच आत राहिली होती आणि ती त्यांच्या हातात होती. आता हाक मारणार! त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

मग मिटलं. गर्दीतून अंग चोरत, खांबाला वळसा घालून ते पार अक्कांच्या पुढे जाऊन उभे राहिले. छत्री त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "नमस्कार, मिस."