फुटक्या कौलाचा कवडसा
रॉकेलच्या चिमणीची काजळी नाकात गेली की मला वाकोल्याचं आमचं कौलारू घर आठवतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. सूर्यग्रहण सकाळी होतं आणि ते बघायला मुलुंडच्या टेकडीवर जायचा बेत वडिलांनी आठ दिवस आधीच ठरवला होता. ऑफिसातून आले की ते चिमणीवर काचा धरून काळ्या करत बसायचे. आई वैतागायची, "अहो, पाऊस तोंडावर आलाय, आधी ते फुटकं कौल बदला ना!" कौलाला खिळ्याएवढं भोक होतं. वडील म्हणायचे, "ग्रहण झालं की रविवारी नक्की." आईला दिवस गेले होते, त्यामुळे आजीच्या शिस्तीप्रमाणे ग्रहण सुटेपर्यंत तिला त्याच कौलाखालच्या बंद खोलीत बसायचं होतं. तरी आदल्या दिवशी तिने एक काच हळूच डोळ्यांसमोर धरून पाहिली. टेकडीवर आम्हाला ढगांशिवाय काही म्हणजे काही दिसलं नाही. घरी आल्यावर आई मला जवळ ओढून कुजबुजली, "मी पाहिलं गं ग्रहण. इथे मधेच ऊन पडलं. त्या भोकातून जमिनीवर कवडसा पडला होता. आधी वाटोळा होता, मग मोडलेल्या भाकरीसारखा झाला. सरकत सरकत पायाशी आला, पण पाय मागे घेववेना. आजीला सांगू नकोस हं." रविवारी वडील खरंच नवं कौल घेऊन शिडीवर चढू लागले, तर आईच म्हणाली, "राहू दे, मी खाली पातेलं ठेवीन." पावसाळाभर ते पातेलं टपटपत राहिलं. वडिलांना कारण कधीच कळलं नाही, आणि मीही आज पहिल्यांदाच सांगतेय.